तीस अंशांची ओळ

पत्र अगदी सभ्य होतं, म्हणूनच त्याची भीती वाटली. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास संगणक उघडून मी नेहमीसारखी आधी नको ती पत्रं पुसत बसले होते. कॅन्टीनची वेळ बदलली, लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद, निवृत्तीचे अर्ज कुठल्या खोलीत द्यायचे, आणि त्यांच्यात हे एक सापडलं. लिहिणारा कुठल्यातरी दूरच्या विद्यापीठातला संशोधक, पत्राच्या अदबीवरून माझ्या मुलीच्या वयाचा असावा. तो आमच्या उपकरणाचे आकडे एका नव्या यानावरच्या आकड्यांशी ताडून पाहत होता. त्यासाठी आमचा अहवाल त्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला होता (बावीस वर्षांत असं करणारा तो पहिलाच असणार), आणि सदतिसाव्या पानावरच्या तक्त्यात त्याला एक गोष्ट दिसली होती. तीस अंशांच्या ओळीतले आठही आकडे वीस आणि चाळीस अंशांच्या आकड्यांच्या बरोबर मध्यावर आहेत. तिसऱ्या दशांशापर्यंत. एखादा आकडा योगायोगानं तसा येईल, आठही येतील असं वाटत नाही. माझी समजूत चुकत असेल तर माफ करा, पण ही ओळ मोजलेली आहे का?

मी पत्र मिटलं, चष्मा पुसला आणि पुन्हा उघडलं. लांबून चालत आल्यावर घराची लिफ्ट बंद दिसावी तसा नुसता थकवा आला. मनात पहिला विचार आला तोही काही थोर नव्हता. आजच का? शुक्रवारनंतर का नाही? शुक्रवारी माझ्या नवऱ्याच्या निवृत्तीचा समारंभ आहे. तो विद्यापीठात शिकवतो, पस्तीस वर्षं शिकवत आला, आणि शुक्रवारी चार वाजता विभागाच्या मोठ्या खोलीत त्याचं शेवटचं व्याख्यान. विषय ‘खाच’. आलेखातली ती खाच त्यानं शोधली. त्याच्या नावावर अशी ती एकच गोष्ट आहे, आणि ती त्याला माझ्या उपकरणाच्या आकड्यांत सापडली. तीस अंशांवर. पत्र लिहिणाऱ्याला हे माहीत असणारच, पण त्यानं खाचेचा उल्लेखही केला नव्हता. माझी चाल बघत तो शांत बसला होता.

आमचं काम लोकांना दोन वाक्यांत सांगता येतं, तिसऱ्या वाक्याला ते जांभई देतात. सूर्य अधूनमधून भारित कण उधळतो. यानावर जेवणाच्या डब्याएवढी पेटी असते, तिच्यात सिलिकॉनच्या पातळ चकत्या, कण चकतीवर आदळला की विजेचा एक बारीक ठोका पडतो, आणि आम्ही ठोके मोजतो. पण नुसते ठोके कळून काही उपयोग नसतो. अंगणात बादली ठेवली तर बादलीत किती पाणी साठलं ते दिसतं, पाऊस किती पडला ते दिसत नाही. त्यासाठी बादलीचं तोंड किती रुंद, पाऊस तिरका आला तर त्यातला किती बाहेर जातो, हे आधी ठाऊक असावं लागतं. म्हणून यान उडायच्या आधी ती पेटी जमिनीवर, मोजून सोडलेल्या कणांच्या झोतासमोर धरायची, दहा-दहा अंशांनी वळवायची, आणि शंभर कण सोडले तर पेटीनं किती टिपले ते प्रत्येक कोनाला, प्रत्येक ऊर्जेला लिहून ठेवायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात आणि जन्मभर मी तेच केलं. पुढे शोध लावणारे लोक आपल्या आकड्यांना आमच्या तक्त्यानं भागतात आणि मार्गाला लागतात. तक्ता कुणी बघत नाही. याचं मला कधी वाईट वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर आता आठवत नाही.

झोत सोडणारं यंत्र आमच्या शहरात नव्हतं. बसनं तीन तासांवर, एका बैठ्या इमारतीत होतं, आणि आम्हाला तिथे चार दिवस मिळाले होते. पाचव्या दिवशी सकाळी दुसरी मंडळी ताबा घेणार होती. त्यांची खोकी व्हरांड्यात येऊन पडली होती आणि येता-जाता माझ्या पोटरीला लागत होती. तिथे मी, यंत्र चालवणारे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे दादा म्हणत, आणि निर्वात टाकीचा पंप, जो अखंड घरघरायचा. चार दिवसांत त्या घरघरीची इतकी सवय झाली होती की ती थांबली की दचकायला व्हायचं. चौथ्या दिवशी सकाळी टाकीतलं फिरतं टेबल नेमकं तीस अंशांवर अडून बसलं. पुढे जाई, मागे जाई, पण तीसवर थांबायला तयार नाही. दादा म्हणाले, “राहू दे बाई, पुढचे कोन उरकून घेऊ, याला शेवटी बघतो.” चाळीस झाले, पन्नास झाले. जेवणाच्या सुट्टीत दादांनी टेबलाची खोड मोडली. आठ ऊर्जा उरल्या, फार तर दीड तासाचं काम. चहा घेऊन सुरू करू म्हणून उठलो आणि ऑफिसातला शिपाई दारात उभा. तुमच्या घरून फोन आहे.

फोनवर नवरा होता. मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिला एकशे तीन ताप, औषध दिलं तरी उतरत नाही, आई-आई करतेय, आणि याची परीक्षा मंडळाची बैठक पाच वाजता. तो ‘ये’ म्हणाला नाही. तो म्हणाला, “काय करू सांग.” हे वाक्य मी ओळखून होते. मी परत जाऊन दादांना म्हटलं, बंद करा. त्यांनी एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बटण दाबलं. प्रयोग करणारा माणूस हजर नसेल तर झोत सोडायचा नाही असा तिथला नियम होता. नाहीतर दादांनी एकट्यानं उरकलं असतं. बसमध्ये मागची जागा मिळाली. मांडीवर वही घेऊन, खड्ड्यांत पेन उडत असताना, मी वीस आणि चाळीस अंशांच्या मधले आठ आकडे काढले. सगळा आलेख गुळगुळीत उतरत होता, मध्येच काही वेडंवाकडं असायचं कारण दिसत नव्हतं. घरी पोचले तर मुलगी पलंगावर बसून बिस्कीट खात होती आणि शेजारच्या काकूंना चित्रातल्या घोड्याला निळा रंग द्यायला लावत होती. ताप तासाभरापूर्वीच उतरला होता. नवरा बैठकीला गेलेला. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी इतका संताप आला की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आमच्या गटाचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, जिन्यात भेटले. त्यांनी विचारलं, झालं सगळं? मी म्हटलं, झालं.

सरांवर ढकलायचं म्हटलं तर सोपं आहे, ते आता नाहीत. पण सरांनी काही केलं नाही. तक्त्याच्या कच्च्या प्रतीत त्या ओळीपुढे मी स्वतःच्या हातानं एक चांदणी काढली होती. चांदणी काढली की पानाच्या तळाशी टीप द्यावी लागते. ‘हे आकडे मोजलेले नसून शेजारच्या कोनांवरून काढलेले आहेत.’ इथपर्यंत काही अवघड नव्हतं. पण तपासणी समितीत सात पुरुष बसणार, त्यातला एकतरी विचारणार, चार दिवस असताना का नाही मोजले? आदल्याच वर्षी आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाईंचं काम दोन आठवडे लांबलं होतं. सासरे दवाखान्यात होते. तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. इतिवृत्तात फक्त लिहिलं की घरच्या अडचणीमुळे उशीर झाला, आणि पुढच्या मोहिमेच्या यादीत तिचं नाव नव्हतं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती खिडकीजवळ बसून सुट्या भागांच्या याद्या करत होती. त्याच समितीतल्या एका गृहस्थांनी मुलाच्या दहावीसाठी महिनाभर रजा काढली होती, त्याचं मात्र सगळ्यांना कौतुक. मी चांदणी खोडली. अंतिम प्रत टाइप करताना ती गळली असं मी पुढे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की काही वर्षं ते मला खरंच वाटायचं.

आणि कदाचित ते तसंच राहिलं असतं. कुठल्याही तक्त्यात अशी एखादी ओळ असते, कुणाचं काही बिघडत नाही. पण यान उडाल्यानंतर सहा वर्षांनी, एका रविवारी सकाळी, जेवणाच्या टेबलावर नवऱ्यानं माझ्यापुढे एक आलेख सरकवला. तोवर त्यानं कणांच्या लहरींवर बरंच लिहिलं होतं आणि ते कुणी वाचत नाही हे त्यानं स्वीकारल्यासारखं केलं होतं. म्हणजे तो कुढायचा, मुलीवर ओरडायचा, भाजी खारट आहे म्हणायचा. त्या दिवशी त्याचा आवाज वेगळाच होता. कुठल्या दिशेनं किती कण येतात याची सरळ उतरती रेघ होती आणि तीस अंशांवर तिला एक खाच पडली होती. अकरा टक्क्यांची. सूर्य शांत असो की खवळलेला, खाच तिथेच. यान सूर्याकडे तोंड करून एकाच पवित्र्यात उभं असतं, त्यामुळे ती जागची हलतही नव्हती. ठराविक कलानं येणारे कण लहरींमध्ये अडकून गळून जातात, असं त्याचं म्हणणं. हिशेब सुंदर होता. मी आलेख हातात धरला आणि मला पट्टी आठवली. पेटीच्या तोंडाशी पातळ पत्र्याचे पडदे असतात. हादऱ्यांच्या चाचणीत ते थरथरायला लागले म्हणून वर्कशॉपमध्ये त्यांना आधाराला एक पट्टी आडवी जोडली होती. तिरक्या कणांच्या वाटेत ती येते. नेमकी किती अंशांवर येते ते मी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, पुन्हा एकदा तपासून बघ. त्यानं तीन महिने तपासलं, आणि दर वेळी माझ्याच तक्त्यानं भागलं. शेवटी त्यानं स्वतःच विचारलं, कारण तो आळशी माणूस नाही: ती पट्टी आहे ना तुमची, तिची सावली तर नसेल? मी भांडी विसळत होते. पाठ त्याच्याकडे होती. मी म्हटलं, “कॅलिब्रेशन पट्टी लावल्यानंतरचं आहे.” त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तो म्हणाला, मग प्रश्नच मिटला, सावली त्यात धरली गेलीच असणार. मी पुढचं ताट घेतलं. आयुष्यात मी खोटं फारसं बोलले नाही, पण खरं कसं बोलायचं म्हणजे पुढचा माणूस गप्प बसतो, हे मला तेव्हा कळलं आणि आपल्याला ते जमतं याचा धक्काही बसला.

शोधनिबंध छापून आला. जगात त्यानं काही उलथापालथ झाली नाही, पण आमच्या लहानशा वर्तुळात त्याला नाव मिळालं. कुठे कुठे बोलावणी आली, एका पाठ्यपुस्तकात दीड ओळ आली. ती दीड ओळ त्यानं मला वाचून दाखवली, मग मुलीला, मग फोनवर आपल्या भावाला. आणि माणूस बदलला. झोप लागायला लागली. मुलीची गणितं न चिडता सोडवून द्यायला लागला. मला कधी कधी ‘आमच्या बाईंचं उपकरण’ म्हणून चारचौघांत मोठेपणा द्यायला लागला. आमच्या घरात राहण्यासारखं वातावरण आलं ते त्या खाचेमुळे. मी रोज त्या घरात जेवत होते, झोपत होते. आता ती बुजवायची कशी आणि का, हा प्रश्न मी वर्षातून एखाद्या वेळी मनात आणायची आणि मग काहीतरी काम काढायची. काम काय, कधीही निघतं.

दुपारी मुलीचा फोन आला. ती आता सव्वीस वर्षांची, दुसऱ्या शहरात नोकरी करते. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येतेय, बाबांना पेन घेतलंय, कोरून नाव घालू की नको, असं तिचं चाललं होतं. घाल म्हटलं. तिनं विचारलं, तुझा आवाज असा का येतोय? मी म्हटलं, जिना चढून आले. एकदा मनात आलं तिला विचारावं, लहानपणी एकदा ताप आला होता तो आठवतो का, निळा घोडा आठवतो का. पण चार वर्षांच्या पोरीच्या तापाची साक्ष काढायची वेळ आपल्यावर यावी, याचीच लाज वाटली. जेवणाचा डबा उघडला तसाच बंद केला.

मग मी उठले आणि तळमजल्यावर गेले. आमच्या उपकरणाचा जोड तिथे कपाटात असतो. जे यानावर गेलं त्याचंच हुबेहूब भावंड, काही बिघडलं तर इथे तपासता यावं म्हणून ठेवलेलं. वहीत सही केली, हातमोजे घातले, पेटी बाहेर काढली. ती उचलताना मनगट दुखलं. पूर्वी एका हातानं उचलायची. पडद्यांच्या मागे कागद सरकवला, टेबलावरचा दिवा लांब ठेवला आणि पेटी हळूहळू वळवत गेले. दहा अंश, वीस अंश. वीसपर्यंत पट्टी पडद्यांच्या आड असते, काही दिसत नाही. तीसला कागदावर एक काळी रेघ आली. चाळीसला ती पुन्हा दुसऱ्या पडद्याआड गेली. म्हणजे मी ज्या दोन कोनांची सरासरी काढली त्या दोन्हींना सावली नव्हती आणि मधल्याला होती. पट्टीची रुंदी आणि तोंडाची रुंदी मोजून भागाकार केला. अकरा पूर्णांक दोन टक्के. हे सगळं करायला मला वीस मिनिटं लागली. बावीस वर्षं कपाट तळमजल्यावरच होतं, किल्ली माझ्याच खणात होती. मी तिथल्या उंच स्टुलावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. नुसते खांदे दुखत होते.

वर येऊन उत्तर लिहायला घेतलं तेव्हा साडेचार झाले होते. पहिली प्रत दीड पानाची झाली. तिच्यात टेबल अडकलं होतं, दादा होते, पाचव्या दिवशीची मंडळी होती. वाचून पाहिली तर सगळी सारवासारव. ती पुसली. दुसरी चार ओळींची झाली. ‘तुमची शंका बरोबर आहे. तीस अंशांची ओळ मोजलेली नाही. त्या दुपारी मला घरगुती कारणासाठी जावं लागलं आणि नंतर तशी टीप द्यायला हवी होती ती मी दिली नाही. आधारपट्टीच्या सावलीमुळे त्या कोनाला पेटी प्रत्यक्षात सुमारे अकरा टक्के कमी कण टिपते. मोजमाप सोबत जोडलं आहे.’ मोजलेले कण कमी आणि आम्ही भागाकार मात्र मोठ्या आकड्यानं करत आलो, त्यामुळे तिथे खाच दिसते, हे त्याला सांगायची गरज नव्हती. ‘घरगुती कारण’ हे शब्द दोनदा काढले आणि दोनदा परत घातले. शेवटी राहू दिले. ज्या शब्दांना घाबरून हे सगळं केलं, ते निदान आता तरी आपल्या हातानं लिहावेत असं वाटलं.

ते पत्र घरी न्यायचं, नवऱ्याला दाखवायचं, मग पाठवायचं, हे सरळ होतं. कुणीही तेच सांगितलं असतं. पण मी मला ओळखते. घरी नेलं असतं तर ते गेलं नसतं. पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी पाठवायचं बटण दाबलं, संगणक बंद केला आणि पर्स घेऊन निघाले. तो माणूस राहतो तिकडे तेव्हा सगळे झोपलेले असणार. उद्या सकाळी वाचेल.

घरी पोचले तेव्हा नवरा जेवणाच्या टेबलावर व्याख्यानाची पानं पसरून बसला होता. लग्नाआधीपासून मी त्याला अरे-तुरे करते, सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. मला पाहताच त्यानं सुरुवातीचा विनोद वाचून दाखवला आणि म्हणाला, जमलाय ना? फार पोरकट नाही ना वाटत? मी चपला न काढताच समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, ते जरा बाजूला ठेव. मग नोंदवहीत लिहावं तसं क्रमानं सगळं सांगितलं. पत्र, ओळ, बस, चांदणी, पट्टी. असलं काही तो नीट ऐकतो, विद्यार्थ्यांचंही ऐकतो.

“आठही ऊर्जा?” त्यानं विचारलं.

आठही, मी म्हटलं.

“का नाही मोजल्यास?”

“तू फोन केला होतास. पोरीला ताप होता, एकशे तीन. तुझी बैठक होती. मी निघून आले.”

“कधी?” तो म्हणाला. मी साल सांगितलं, महिना सांगितला, शेजारच्या काकू सांगितल्या. तो टाळत नव्हता. कपाळाला आठ्या घालून खरंच शोधत होता. मग म्हणाला, एकशे तीन ताप असताना मी बैठकीला कसा जाईन? मी म्हटलं, गेला होतास. त्यानं मान हलवली. “मला नाही गं आठवत.” बावीस वर्षं मी ती दुपार त्याच्यावर रोखून धरली होती, प्रत्येक भांडणात ती तोंडापर्यंत आणून परत गिळली होती, आणि त्याच्या लेखी ती कधी झालीच नव्हती. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. आपण इतकी वर्षं एकट्यानंच भांडत होतो हे कळून फार एकटं वाटलं.

त्यानं पट्टीचा आकडा विचारला. मी सांगितला. तो समोरच्या पानाकडे बघत राहिला, जिथे त्याचाच आकडा छापलेला होता. मग पानावरून हात फिरवत म्हणाला, “शनिवारी लिही त्याला. तीन-चार दिवसांनी काय बिघडतंय? शुक्रवार होऊ दे.” आवाजात अजिजी होती. या माणसानं माझ्याकडे अशा आवाजात कधी काही मागितलं नव्हतं.

“लिहिलं,” मी म्हटलं. “निघायच्या आधीच पाठवलं.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तू थांब म्हणाला असतास. आणि मी थांबले असते.”

त्यानं पत्र मागितलं. मी फोनवर काढून दिलं. चष्मा आत राहिला होता म्हणून हात लांब करून, डोळे बारीक करून त्यानं ते वाचलं, एकदा, मग पुन्हा एकदा. घरगुती कारण म्हणजे मी ना, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. तो उठला, स्वयंपाकघरात गेला. नळाचा आवाज आला, मग बंद झाला. मला वाटलं तो आता ती पानं फाडेल, किंवा मला लागेल असं काहीतरी बोलेल, आणि मी त्याची वाटच बघत होते. तो दारात येऊन उभा राहिला.

“किती वेळाचं काम उरलं होतं?”

“दीड तास.”

“मग मला म्हणायचं होतंस ना,” तो म्हणाला, “की दीड तास थांब.”

त्या ऑफिसात, फोन हातात असताना, ते वाक्य माझ्या मनात आलं होतं. दीड तास थांब. बैठक सोड. मी ते म्हटलं नाही, कारण तो नाही म्हणाला असता तर पुढे काय, हे मला तेव्हा बघायचं नव्हतं. आणि तो कदाचित हो म्हणाला असता, हे आजवर माझ्या मनात आलं नव्हतं.

त्यानं टेबलावरची पानं गोळा केली, कडा जुळवल्या, फाइलमध्ये घातली. फाइल बंद करून तिच्यावर हात ठेवून बसला. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती लागेपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो.

“शुक्रवारी मीच सांगेन,” तो म्हणाला. “खाच नाही म्हणून. कशी झाली ते पण सांगेन. पण तू पुढे बसू नकोस. तुझ्याकडे बघत मला ते बोलता येणार नाही.”

बरं, मी म्हटलं.

“पोरीला पुढे बसव. तिच्याकडे बघून बोलतो.”